चालाले कमी, उठाले जास्त

कूलरच्या ताट्यांत नवा वाळा भरला, टाकीत पाणी सोडलं आणि मोसमात पहिल्यांदा बटण दाबलं की घरातला दिवा क्षणभर मिचकावतो. वर्ध्यात उन्हाळा असा येतो. कॅलेंडर काय म्हणतं ते आम्ही विचारत नाही. दिवा मिचकावला की माठ निघतो, पांढरा दुपट्टा निघतो आणि बाहेर जाणाऱ्याच्या खिशात, ऊन लागू नये म्हणून, आई एक कांदा कोंबते. ओल्या वाळ्याचा वास दोन दिवस घरभर राहतो आणि मग सवयीचा होऊन जातो.

यंदा दिवा मिचकावला तेव्हा माझा मुलगा ओम जेवणाच्या टेबलाजवळून ओरडला, "आई, सांगून तरी लावत जा ना कूलर!"

टेबलावर जेवण नव्हतंच. चार दिवसांपासून तिथे त्याचा गेमिंग कॉम्प्युटर पसरला आहे. पंखे, वायरी, पुठ्ठ्याचे खोके आणि स्क्रू ठेवायला माझी फोडणीची वाटी. सगळं आलं, फक्त पॉवर सप्लाय यायचा आहे आणि तो किती वॅटचा घ्यावा यावर घरात परिषद भरली आहे. एक मित्र म्हणतो साडेपाचशे, दुसरा म्हणतो साडेआठशेच्या खाली हात लावू नको. एका वेबसाइटवर यानं सगळे भाग भरले तर तिने बेरीज करून दिली, चारशे तीस. "म्हणजे पाचशे घेतला तरी सत्तर उरतात," ओम म्हणाला.

"त्या बेरजेत उठायचं धरलंय का?" मी विचारलं.

"उठायचं म्हणजे?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर मला दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात जावं लागतं. दर वर्षी वाळ्याचा वास आला की मी तशीही तिथे जाऊन येतेच.

तेव्हा आम्ही वर्ध्यातच, नालवाडीत राहत होतो. बाबांचं बाजारात धान्याचं दुकान होतं आणि मी एका छापखान्यात लग्नपत्रिका टाइप करत होते. माझा धाकटा भाऊ पंकज आदल्या वर्षी बारावीला फिजिक्समध्ये उडाला होता. त्या मार्चमध्ये तोच पेपर पुन्हा होता. सकाळी आईने त्याच्या हातावर दही ठेवलं, तो सायकल घेऊन गेला आणि तासाभरात परत आला. परीक्षा केंद्राच्या फाटकापर्यंत गेला होता. आत गेलाच नाही. आई विचारून विचारून थकली तेव्हा एवढंच म्हणाला, "पायच नाई उचलले."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. मी म्हणाले, "अरे, तीन तास नुसतं बसून यायचं होतं! कोरा पेपर दिला असतास तरी चाललं असतं." या वाक्याची मला आजही लाज वाटते. बाबा माझ्यासारखं काही बोलले नाहीत. त्यांनी त्याच्याशी बोलणंच सोडलं. सांगायचं असेल ते आईला सांगायचे, तो समोर बसलेला असला तरी. "त्याले म्हना, भाजी वाढून घे." आई मग भाजी वाढायची.

पंकज बैठकीतल्या दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. तो उन्हाळाही असा, की भिंतीला पाठ लावली तर चटका बसावा. त्यात भारनियमन. लाइट जायची वेळ पेपरात छापून यायची आणि लाइट ती वेळ इमानेइतबारे पाळायची. यायची वेळ मात्र कधी पाळली नाही. आली तरी इतकी कमी, की ट्यूबलाइटला थपडा माराव्या लागायच्या. त्या दोन महिन्यांत पंकज दिवसातून एकच काम करायचा. कूलरमधलं पाणी संपलं की न सांगता उठायचा, चार बादल्या ओतायचा आणि पुन्हा भिंतीकडे वळायचा.

घरात माझ्या कामाचा एक कॉम्प्युटर होता. छापखान्यातल्या सहकाऱ्याने नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि जुनं मला देऊन टाकलं, सोबत मोटारींच्या शर्यतीचा एक गेम. मला गेमचं काही वेड नव्हतं. पण पंकज लहानपणी पाटावर बसून तोंडाने घुर्र करत गाडी चालवायचा, ते मला आठवलं. कार्ड बसवलं, गेम टाकला आणि दिवाणाकडे पाठ करून मुद्दाम आवाज मोठा ठेवला. गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. तीन, दोन, एक. झेंडा पडला आणि पडदा काळा. कॉम्प्युटर बंद होऊन आपला आपणच पहिल्यापासून सुरू झाला.

पुन्हा लावला. झेंडा पडला, पडदा काळा. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा मागून दिवाण करकरला.

"काऊन बंद पडते वो ताई हे?"

कितीतरी दिवसांनी तो आपणहून काही विचारत होता. मला उत्तर येत नव्हतं, आणि नव्हतं येत हे किती बरं झालं! येत असतं तर मी लगेच शहाणपणा पाजळला असता.

मग आम्ही दोघं त्याच्या मागे लागलो. दिवसभर टाइप केलं तर चालायचा. गाणी लावली तर चालायचा. शर्यतीतल्या गाड्यांचे रंग बदलत बसलं तरी चालायचा. फक्त झेंडा पडला की मान टाकायचा. छापखान्यातल्या सहकाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, वीज पुरत नसेल. कॉम्प्युटरच्या पोटात पत्र्याचा एक डबा असतो. घरची वीज घेऊन आतल्या भागांना त्यांच्या पचनी पडेल अशी करून वाटतो. तो पॉवर सप्लाय. आमच्याकडे सगळे त्याला एसएमपीएस म्हणतात. आमच्या डब्यावर तीनशे वॅट लिहिलेलं होतं.

पंकजने माझ्या रद्दी पत्रिकांच्या पाठीवर बेरीज मांडली. एका बाजूला चिरंजीव आणि चि. सौ. कां., दुसऱ्या बाजूला प्रोसेसर, कार्ड, हार्ड डिस्क, पंखे. बेरीज आली दोनशे दहा. "तीनशातून दोनशे दहा गेले, नव्वद उरते! मंग काऊन पडते?" त्याने डब्यावरचे बारीक आकडे वाचले, व्होल्ट गुणिले अँपिअर केलं, पुन्हा केलं. मग दिवाणाखाली हात घालून धुळीने भरलेलं एक पुस्तक ओढून काढलं आणि पानं उलटायला लागला. ते फिजिक्सचं पुस्तक होतं. मी पाहिलं आणि उठून पाणी प्यायला गेले. आयुष्यात मी वेळेवर गप्प बसल्याचे जे दोन-तीन प्रसंग असतील, त्यातला हा एक.

रात्री जेवताना बाबा आईला म्हणाले, "त्याले म्हना, उद्या थो जुना डबा काढून दुकानात घेऊन ये."

बाबांच्या व्यापाराची सगळी अक्कल तराजूत होती. गहू दाताखाली धरून पाहायचे, तूर मुठीत खेळवायचे, पण शेवटचा निकाल तराजूचा. पितळेची दोन पारडी साखळीने टांगलेली आणि पाठीमागे भिंतीवर लक्ष्मी. "वजन खोटं नाई बोलत," हे त्यांचं वाक्य गिऱ्हाइकांनाही पाठ झालं होतं. पारड्याला त्यांचं बोट कधी लागलं नाही, हे बाजारातला त्यांचा वैरीही सांगेल.

पंकज जुना डबा घेऊन गेला. बाबांनी ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याकडून दोन नवे डबे पाहायला मागवले होते. जुना डबा त्यांनी एका पारड्यात ठेवला आणि दुसऱ्या पारड्यात आळीपाळीने नवे. पहिला जुन्याच्या बरोबरीने झुलत राहिला. दुसऱ्यावर साडेचारशे वॅट लिहिलं होतं. तो ठेवताच पारडं धाडकन खाली बसलं. बाबांनी तोच उचलला आणि आई जवळ नसल्यामुळे सरळ पंकजच्या हातात दिला.

"हा घेऊन जाय. वजनदार आहे."

याला कोणी हसू नये. चांगल्या सप्लायमध्ये तांबं जास्त असतं, तो हाताला जड लागतो, हे त्या काळी जाणकारही सांगायचे. पंकज घरी आला तेव्हा डबा छातीशी धरून आला. "बाबांनी तोलून देल्ला," असं त्याने मला दोनदा सांगितलं.

डबा बसवला. गाड्या रांगेत लागल्या. तीन, दोन, एक, झेंडा पडला आणि गाड्या सुटल्या! पंकजची निळी गाडी पहिल्या वळणावरून गेली, दुसऱ्या वळणाला लागली आणि पडदा काळा झाला. दुसऱ्या खेपेला पहिलं वळणही आलं नाही. तिसऱ्या खेपेला झेंड्यालाच गेला.

पंकजने हात की-बोर्डवरून उचलले. "माह्या हातानं काईच नाई होत, ताई," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला. बाबा त्या वेळी दारात चप्पल काढत होते. त्यांनी ऐकलं. संध्याकाळी पाणी संपून कूलर नुसता कोरडा खडखडत राहिला तरी पंकज उठला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. गेम गेला खड्ड्यात, हा मुलगा आता उठेल की नाही?

दुसऱ्या दिवशी मामा आले. हिंगणीला त्यांची वांगी, पालक आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, वाडी. माल वर्ध्याच्या बाजारात टाकून ते बहिणीकडे चहाला यायचे. आईने स्वयंपाकघरात डोळे पुसत काय ते सांगितलं असावं. मामा बाहेर आले, दिवाणाच्या कडेवर बसले आणि काही झालंच नाही अशा सुरात म्हणाले, "चाल बे हिंगणीले. आठ दिवस वावरातली लाइट सकाळची आहे. माह्ये गुडघे गेले, मोटर चालू कराले मानूस पाह्यजे मले."

मामांना नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती. दुसऱ्या दिवशी रविवार, मला सुट्टी होती, म्हणून मीही बसमध्ये चढले.

सकाळी सहा वाजता मामांच्या विहिरीवर अजून गारवा होता. सांभाराच्या वाफ्यांवरून वास येत होता आणि बोर अभयारण्याच्या बाजूने मोर ओरडत होते. खांबावर लोखंडी पेटी, पेटीत हिरवं बटण, लाल बटण आणि वर काचेआड एक काटा, मोटर किती वीज ओढते ते दाखवणारा. मामा त्याला सुई म्हणायचे. लाइट आली. मामा म्हणाले, "दाब हिरवं."

पंकजने दाबलं. मोटर गुरगुरली, सुई उसळून पार उजव्या टोकाला गेली, थरथरली आणि हळूहळू मागे येऊन मधल्या एका जागी निवांत बसली. पाइपाने दोन गुळण्या टाकल्या आणि पाणी पडायला लागलं. पंकज पाण्याकडे पाहतच नव्हता.

"मामा, सुई येवढी काऊन उडाली?"

"उडनच ना! मोटर झोपून आहे, पानी खाली हिरीत झोपून आहे. झोपल्याले उठवाचं म्हंजे जोर लागते. एकदा का फिराले लागली, का मंग कुरकुर नाई. चालाले कमी लागते, उठाले जास्त लागते."

"किती जास्त?"

"चौपट धर, पाचपट धर. अन् लाइट कमी असली का नुसती घूं घूं करते, उठतच नाई. मंग लोक म्हंते मोटर बिघडली." मामांनी तंबाखू मळता मळता खांबाला पाठ टेकली. "मोटर चांगली रायते बापा. उठाच्या वक्ताले तिले पुरत नाई, येवढंच."

ते खरंच मोटरबद्दल बोलत होते. मामांना आडून बोलणं जमत नव्हतं, तोंडावर बोलायचीच त्यांची सवय. पण मी पाण्याच्या धारेकडे पाहत उभी होते आणि माझं ते वाक्य मला ऐकू येत होतं. तीन तास नुसतं बसून यायचं होतं. मी बसण्याचं मोजलं होतं. फाटकातून पाऊल आत टाकायला किती लागतं, ते मोजलंच नव्हतं.

पंकजने लाल बटण दाबलं. सुई खाली पडली. पुन्हा हिरवं दाबून त्याने ती उसळी पाहिली. तिसऱ्यांदा हात नेला तेव्हा मामा म्हणाले, "जाळतं का मोटर?" पंकज हसला. नंतर वाफ्याच्या बांधावरून चालताना अचानक थांबला. "ताई, झेंडा पडते ना, तेव्हा कार्ड उठते. तोवर थे झोपूनच रायते."

घरी आल्यावर त्याने पत्रिकेच्या पाठीवर नवी मांडणी केली. झेंड्याच्या क्षणाला कार्ड आणि प्रोसेसर एकदम जोर करणार, म्हणजे दोनशे दहाचे क्षणभर तीनशेच्या आसपास. वर उन्हाळा, कमी दाबाची लाइट. तरीसुद्धा साडेचारशेला हे जड जायला नको. "म्हंजे हा साडेचारशेचा नाहीच," तो म्हणाला. आत साठलेली वीज उतरावी म्हणून वायर काढून डबा दिवसभर ठेवला आणि संध्याकाळी बाबांच्या देखत, आईला मामांच्या सुईची उसळी सांगत सांगत, स्क्रू उघडले.

आत फारसं काही नव्हतंच. तांब्याच्या गुंडाळ्या जुन्या डब्यातल्यापेक्षाही लहान. आणि तळाला दोन स्क्रूंनी घट्ट बसवलेली, कशालाही न जोडलेली एक लोखंडी पट्टी. बनवणाऱ्याला आमच्या बाबांसारखी माणसं ठाऊक असणार.

बाबांनी पट्टी हातात घेतली. सवयीने हात वर-खाली करून तोलली. मग ती मांडीवर ठेवली. ते चिडतील, दुकानदाराच्या नावाने बोटं मोडतील, असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "वजन बरोबरच होतं. म्याच भलतं तोललं." आणि मान वर करून आईकडे न पाहता पंकजला म्हणाले, "उद्या नागपूरले जाऊ. तू येजो संगं. तुले समजते यातलं."

तुले समजते. पंकजचे कान लाल झाले होते.

दोघं सकाळच्या पॅसेंजरने गेले. तिथलं मला पंकजकडूनच कळलं, आणि ते त्याने इतक्या वेळा सांगितलं आहे की मी हजर होते असंच वाटतं. दुकानदाराने विचारलं, किती वॅट? बाबा म्हणाले, "चालाले किती लागते थे आमाले माहीत आहे. उठाच्या वक्ताले किती देते, थे सांगा." दुकानदाराने मग मागून वेगळे डबे काढले. आकडे पंकजने वाचले, बाबा नुसते मान हलवत होते. साडेपाचशेचा होता, पण तो नको म्हणाले. "गरजेपेक्षा जास्त पाह्यजे, पन हावरेपना नाई." खरोखरीचा चारशे वॅटचा घेतला. बाबांनी तो हातात घेऊन तोलला नाही.

त्या दिवशी निळी गाडी तिन्ही फेऱ्या धावली आणि शेवटून दुसरी आली. बाबा शेजारी खुर्ची ओढून सबंध शर्यत पाहत होते. "तुही गाडी कोनती?" त्यांनी दोनदा विचारलं. कूलरचं पाणी संपलं तेव्हा पंकज खेळत होता, म्हणून बादल्या बाबांनी ओतल्या.

आता पंकजचं जाम गावच्या चौरस्त्यावर मोटर वाइंडिंगचं वर्कशॉप आहे. काल ओमने त्याला फोन लावला. चारशे तीसची बेरीज ऐकून मामाने भाच्याला सांगितलं, साडेसहाशेचा घे, नाव असलेला घे, साडेआठशेच्या भानगडीत पडू नको. "पण मामा, दोनशे वॅट नुसते पडून राहतील," ओम म्हणाला. "राहू दे बे. पडून राह्यलेलेच कामी येते." ओमला ते पटलं की नाही, माहीत नाही. ऑर्डर मात्र त्याने साडेसहाशेची दिली.

त्या उन्हाळ्याचं इतकं मला नेहमी आठवतं. पण वाळ्याचा वास विरत आला की शेवटी जे उरतं, ते उन्हाळ्यातलं नाही, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातलं आहे.

फिजिक्सचा पेपर पुन्हा लागला होता. सोयाबीन बाजारात यायचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. त्या सकाळी बाबांनी दुकान उघडलं नाही. आईने दही दिलं आणि बाबांनी स्कूटर काढली. पंकज मागे बसला.

मी छापखान्यात निघाले ती मुद्दाम केंद्रावरून. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला होता, फाटक बंद झालं होतं, सोडायला आलेले बाकी आईबाप केव्हाच गेले होते. समोरच्या कडुनिंबाखाली बाबा एकटे उभे होते. हातात पंकजची टोपी, डोळे फाटकावर.

"बाबा, गेला ना तो आत?"

"गेला."

"मग तुम्ही अजून इथे? दुकान?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "थांबतो जरा," ते म्हणाले. "सुई जाग्यावर येऊ दे."